ताडपत्रापासून संगणकापर्यंत : हस्तलिखितांच्या प्रतिमांचे ग्रहण आणि जतन

पालि वाङ्मयाच्या जतनाचा इतिहास हा मुख्यतः प्रती करण्याचा इतिहास आहे. उष्ण व दमट हवेत ताडपत्र फार काळ टिकत नाही. त्यामुळे श्रीलंका, म्यानमार, थायलंड, लाओस आणि कंबोडिया या देशांत आज उपलब्ध असलेली बहुसंख्य पालि हस्तलिखिते अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. मजकूर दोन सहस्रकांहून जुना, परंतु तो ज्या पत्रांवर कोरलेला आहे ती पत्रे दोन-तीनशे वर्षांची, असा हा प्रकार आहे. प्रत्येक पिढीने जीर्ण पोथीवरून नवी पोथी सिद्ध केली म्हणूनच मजकूर आपल्यापर्यंत पोहोचला. जेथे ही साखळी तुटली तेथे ग्रंथ नष्ट झाला.

गेल्या काही दशकांत या साखळीत एक नवी कडी जोडली गेली आहे. ती म्हणजे संगणकात साठविलेली पत्राची प्रतिमा. आज अनेक विहार, ग्रंथालये व अभ्याससंस्था आपापल्या संग्रहांची अशी छायाचित्रे घेत आहेत. हे कार्य स्तुत्यच आहे. तथापि, छायाचित्र घेऊन ते संगणकात ठेवले म्हणजे पोथी सुरक्षित झाली, असा जो समज सर्वत्र आढळतो, तो आम्हांस चिंताजनक वाटतो. ही प्रतिमा कशी तयार होते आणि ती टिकविण्यासाठी काय करावे लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. विषय तांत्रिक असला तरी त्यातील मूळ प्रश्न पालिच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत.

१. अंकीय प्रतिमा म्हणजे काय?

१९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे एक छोटे छायाचित्र यंत्राच्या साहाय्याने संगणकात उतरविले. ते छायाचित्र उभ्या १७६ व आडव्या १७६ अशा चौकटींत, म्हणजे एकूण ३०,९७६ बिंदूंत विभागलेले होते. स्कॅनरने संगणकात घेतलेली ही पहिली प्रतिमा मानली जाते. आजची कोणतीही प्रतिमा तत्त्वतः त्याच जातीची आहे. दृश्यावर एक सूक्ष्म जाळी कल्पून तिच्या प्रत्येक घरातील प्रकाश मोजावयाचा आणि ते माप अंकाच्या रूपाने नोंदवावयाचे, एवढाच तिचा अर्थ. संगणकात चित्र नसते, अंकांची एक लांबलचक माला असते. पडद्यावर आपण पाहतो ते त्या अंकांचे दर घटकेला नव्याने केलेले वाचन होय.

सामान्यतः प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांची मापे नोंदवितात. प्रत्येक माप ० ते २५५ या अंकांत बसवितात. त्यामुळे एका बिंदूला तीन बाइट जागा लागते आणि १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंगच्छटा नोंदविता येतात. प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करणारा संवेदक विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत कल्पिला. त्याबद्दल २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते सहमानकरी ठरले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बहुतेक कॅमेऱ्यांतील संवेदकाचा प्रत्येक बिंदू तीन रंगांपैकी एकच रंग मोजतो. ब्राइस बायर यांनी १९७०च्या दशकात योजलेल्या जाळीनुसार निम्मे बिंदू हिरवा, पाव तांबडा आणि पाव निळा रंग टिपतात. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढले जातात. म्हणजे रंगीत प्रतिमेतील दोन-तृतीयांश अंक हे मोजलेले नसून अनुमानाने भरलेले असतात. अनुमान बहुधा उत्तम असते, परंतु प्रत्यक्ष आणि अनुमान यांतील भेद अभ्यासकाने विसरता कामा नये.

२. बिंदूंची घनता

पोथीच्या छायाचित्रात किती बारकावा उतरेल हे दर इंचामागे किती बिंदू घेतले यावर अवलंबून असते. दर इंचाला ४०० बिंदू घेतल्यास एका मिलिमीटरला सुमारे सोळा बिंदू येतात. पाव मिलिमीटर रुंदीच्या कोरीव रेषेच्या वाट्याला मग चारच बिंदू उरतात. रेषेच्या कडा ओळखण्यास एवढे तरी हवेतच. याहून कमी घनतेने घेतलेली प्रतिमा पुढे पडद्यावर कितीही मोठी केली तरी तीत नवी माहिती येत नाही, केवळ जुनेच बिंदू ताणले जातात.

आता हिशेब पाहू. पन्नास सेंटिमीटर लांब व पाच सेंटिमीटर रुंद अशा पत्राची एक बाजू या घनतेने टिपल्यास ७,८७४ गुणिले ७८७, म्हणजे सुमारे ६२ लाख बिंदू होतात. प्रत्येकी तीन बाइट धरता एका बाजूस सुमारे साडेअठरा मेगाबाइट जागा लागते. दोनशे पत्रांच्या पोथीच्या चारशे बाजू होतात, आणि त्यांना सुमारे साडेसात गिगाबाइट लागतात. फ्लॉपीच्या काळात एका बाजूसाठीच तेरा फ्लॉप्या लागल्या असत्या आणि सबंध पोथीसाठी साडेसहाशे मेगाबाइटच्या बारा सीडी. आज नखाएवढ्या स्मृतिपत्रावर अशा कित्येक पोथ्या मावतात. जागेची ही अडचण दूर झाली असल्यामुळे, केवळ जागा वाचावी म्हणून कमी बिंदूंवर भागविण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही.

३. प्रकाश, मापपट्टी आणि पत्राच्या दोन बाजू

श्रीलंका व आग्नेय आशियातील लेखक ताडपत्रावर लोखंडी टोकाच्या लेखणीने अक्षरे कोरतात आणि नंतर काजळी व तेल चोळून ती उठावदार करतात. कालांतराने काजळी निघून गेल्यास अक्षर नष्ट झालेले नसते, केवळ दिसेनासे होते. अशा पत्रावर समोरून प्रकाश टाकल्यास ते कोरे भासते. तोच प्रकाश एका बाजूने अगदी तिरपा टाकल्यास कोरलेल्या रेषांच्या सावल्या पडतात आणि मजकूर वाचता येतो. याउलट पत्र काळवंडले असून काजळी शिल्लक असेल तर अवरक्त प्रकाश उपयोगी पडतो. काजळीतील कार्बन अवरक्त किरणे शोषून काळाच राहतो आणि भोवतीचे पत्र उजळ दिसते. तात्पर्य, एकाच पत्राची एकाहून अधिक छायाचित्रे घेणे कित्येकदा आवश्यक असते.

कॅमेरा पत्राला काटकोनात, स्थिर चौकटीवर बसवावा. सपाट स्कॅनरच्या काचेवर ठिसूळ पत्र दाबणे म्हणजे ते मोडण्याचाच उपाय होय. प्रत्येक छायाचित्रात मापपट्टी व रंगपट्टी ठेवावी. मापपट्टी नसेल तर पोथीचा आकार कळत नाही, आणि रंगपट्टी नसेल तर पत्राचा पिवळेपणा खरा की दिव्याचा, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. पत्राच्या कडा कापून टाकू नयेत. पत्रांक बहुधा समासातच असतो. म्यानमारच्या पोथ्यांत क, का, कि, की अशा क्रमाने बारा पत्रांचा एक गट मोजला जातो. समास कापला गेल्यास हा क्रम कायमचा हरवतो. लाकडी फळ्या, दोरीची छिद्रे व कोरी पत्रे यांचीही नोंद व्हावी.

दोन्ही बाजू टिपण्याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पालित 'बुद्ध' हे संबोधन आहे आणि 'बुद्धं' ही द्वितीया विभक्ती. भेद केवळ निग्गहीताचा. सिंहली व बर्मी लिपींत निग्गहीत एका लहानशा वर्तुळाने दाखवितात, आणि कसरीने पाडलेले छिद्रही वर्तुळाकारच असते. छायाचित्र पाहणाऱ्याने यांतील भेद कसा ओळखावा? छिद्र आरपार गेले असेल तर ते पत्राच्या दुसऱ्या बाजूवर नेमक्या त्याच जागी दिसते. कोरलेले निग्गहीत तसे दिसत नाही. मात्र मागील बाजूचे छायाचित्र हाताशी असेल तरच ही परीक्षा करता येते. मागील बाजू कोरी आहे म्हणून तिचे छायाचित्र न घेणारा मनुष्य पुढील बाजूच्या वाचनाचा एक पुरावाच नष्ट करीत असतो.

लाओसचा अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. तेथील पोथ्यांच्या संरक्षणाचा प्रकल्प १९९२ ते २००४ या काळात चालला आणि सहस्रावधी पोथ्यांच्या सूक्ष्मपट्ट्या तयार झाल्या. पुढे २००९ साली त्या संगणकावर आणून सर्वांना खुल्या करण्यात आल्या. हे कार्य इतके मोलाचे आहे की त्यावाचून लाओसच्या वाङ्मयाचा अभ्यास आज कल्पिताच येत नाही. परंतु पट्ट्या कृष्णधवल होत्या, म्हणून त्यांवरून केलेल्या प्रतिमाही कृष्णधवलच राहिल्या. टिपताना जे वगळले जाते ते साठवणीत कधीही परत येत नाही.

४. संक्षेप आणि त्याचे धोके

प्रतिमेची अंकमाला दोन रीतींनी लहान करता येते. पहिल्या रीतीत पुनरावृत्ती तेवढी आटोपशीर लिहिली जाते आणि उलगडल्यावर मूळचा प्रत्येक अंक जसाच्या तसा मिळतो. दुसऱ्या रीतीत डोळ्यास सहसा न जाणवणारे सूक्ष्म भेद कायमचे टाकून दिले जातात. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेग ही पद्धती सर्वसाधारणपणे या दुसऱ्या प्रकारची आहे. ती प्रतिमेचे आठ गुणिले आठ बिंदूंचे तुकडे पाडून त्यांतील बारीक चढउतार गाळते. निसर्गदृश्यात हे खपून जाते. परंतु अक्षर म्हणजे बारीक चढउतारच होत. जेपेग प्रतिमा बदलून पुनःपुन्हा साठविल्यास दर वेळी थोडी झीज होते. म्हणून मूळ प्रत टिफसारख्या, काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात ठेवावी आणि पाठविण्या-पाहण्यासाठी तिच्यावरून जेपेग प्रती कराव्यात.

संक्षेपाचा याहून गंभीर धोका २०१३ साली उघडकीस आला. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, एका प्रचलित कंपनीची स्कॅनयंत्रे कागदावरील अंकच बदलीत होती. ६च्या जागी ८ येत होता, आणि तोही अगदी स्वच्छ व ठळक. कारण असे की, जागा वाचविण्यासाठी ते यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृती एकच मानून एकीच्या जागी दुसरी बसवीत असे. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा दोष जुना परिचयाचा आहे. सिंहली लिपीतील 'च' आणि 'व', नागरीतील 'घ' आणि 'ध' किंवा 'भ' आणि 'म' यांची सरमिसळ लेखकांनी शतकानुशतके केली आहे. भेद एवढाच की, लेखकाची चूक बहुधा अडखळलेली दिसते, यंत्राची चूक निर्दोष दिसते.

अलीकडचे मोबाइल फोन छायाचित्र घेतानाच कडा ठळक करतात व डाग पुसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी काही साधने तर पुसट अक्षरे स्वतःच पूर्ण करून देतात. वाचनास साहाय्य म्हणून त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु अशी 'सुधारलेली' प्रतिमा मूळ म्हणून साठविणे म्हणजे पाठभेदांच्या जागी संपादकाची दुरुस्ती छापून पाठभेदच नष्ट करण्यासारखे आहे.

५. नाव आणि सूची

कॅमेरा प्रतिमांना केवळ अनुक्रमांक देतो. असे अंक धारण करणाऱ्या हजारो फायली साठवून ठेवलेला एक संग्रह आमच्या पाहण्यात आहे. कोणती प्रतिमा कोणत्या पोथीची, हे छायाचित्रे घेणाऱ्या व्यक्तीला तेवढे ठाऊक होते, आणि आता ती व्यक्ती हयात नाही. प्रतिमा सर्व शाबूत आहेत, परंतु ग्रंथ हरवला आहे. म्हणून प्रत्येक फाईलच्या नावात संग्रहाचे संक्षिप्त नाव, पोथीचा क्रमांक, पत्रांक आणि बाजू एवढे तरी असावे. ग्रंथनाम, लिपी, भाषा, पोथीतील कालनिर्देश, छायाचित्राचा दिनांक व वापरलेली साधने यांची सूची प्रतिमांसोबतच ठेवावी, वेगळ्या वहीत नव्हे.

नाव व सूची नीट असली म्हणजे काय साधते याचे उत्तम उदाहरण दुन्हुआंगचे आहे. चीनमधील दुन्हुआंग येथील गुंफेत १९०० साली सापडलेली हस्तलिखिते पुढे लंडन, पॅरिस, सेंट पीटर्सबर्ग, बीजिंग अशा अनेक ठिकाणी विखुरली. इ. स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिकेचे चिनी भाषांतर त्यांतीलच होय. १९९४ साली ब्रिटिश लायब्ररीत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय दुन्हुआंग प्रकल्पाने या विखुरलेल्या संग्रहांच्या प्रतिमा एका सूचीत आणल्या. शतकभर वेगवेगळ्या देशांत पडलेले एकाच ग्रंथाचे तुकडे अभ्यासकाला आज एकाच पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. तिबेटी ग्रंथांच्या बाबतीत ई. जीन स्मिथ यांनी १९९९ साली स्थापिलेल्या आणि आज बुद्धिस्ट डिजिटल रिसोर्स सेंटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने असेच मोठे कार्य केले आहे.

६. साठवण : पोथी नव्हे, सज्झाय

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ताडपत्राला उपेक्षा काही काळ सोसते. फडक्यात गुंडाळून पेटाऱ्यात ठेवलेली पोथी शंभर वर्षांनी उघडली तरी बहुतांश वाचता येते. संगणकातील प्रतिमेचे तसे नाही. हार्ड डिस्क काही वर्षांतच, आणि पुष्कळदा पूर्वसूचना न देता, बंद पडते. लिहिलेल्या सीडीवरील थर खराब होतो. वस्तू शाबूत राहिली तरी ती वाचणारे यंत्र नाहीसे होते. डूम्सडे बुक ही इंग्लंडची १०८६ सालची नोंदवही आजही वाचता येते. तिच्या नवशताब्दीनिमित्त बीबीसीने १९८६ साली सिद्ध केलेला चित्र-माहितीचा संग्रह मात्र त्या काळच्या विशिष्ट लेसर-चकत्यांवर होता. २००२ साली लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना तो वाचण्यासाठी जुन्या यंत्राचे अनुकरण करणारी आज्ञावली खास लिहावी लागली. नऊशे वर्षे टिकलेल्या ग्रंथाची नवी आवृत्ती सोळा वर्षांत दुर्वाच्य झाली होती.

म्हणून आमचे प्रतिपादन असे की, अंकीय प्रतिमेची तुलना पोथीशी न करता मुखपाठाशी करावी. त्रिपिटक लिपिबद्ध होण्यापूर्वी ते भाणकांच्या परंपरेने टिकले. दीघभाणक, मज्झिमभाणक अशी विभागणी होती, नित्य सज्झाय होता आणि सामूहिक संगायनात एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात येत असे. मुखपाठ कोठे 'ठेवून' देता येत नाही. जोवर म्हटला जातो तोवरच तो असतो. संगणकातील फाईलही वाचली, तपासली आणि नव्या साधनावर उतरविली जाते तोवरच असते.

या परंपरेतील धोकाही अट्ठकथेने नोंदवून ठेवला आहे. समन्तपासादिकेत असे सांगितले आहे की, महाभयाच्या काळात महानिद्देस हा ग्रंथ एकाच भिक्खूला मुखोद्गत होता, आणि तो भिक्खू शीलवान नव्हता. तरीही ग्रंथ नष्ट होऊ नये म्हणून महारक्खित थेरांना त्याच्याकडून तो शिकून घेण्यास प्रवृत्त करण्यात आले. एकच प्रत आणि तीही भरवशाची नाही, अशी ही अवस्था होती. पहिल्या शतकात (इ. स. पू.) वट्टगामणी अभयाच्या काळी सिंहलद्वीपात त्रिपिटक लिपिबद्ध झाले, त्यामागे अशाच संकटांचा अनुभव होता. आज एकाच डिस्कवर, एकाच कपाटात आपली सर्व छायाचित्रे ठेवणारी संस्था नेमक्या त्याच अवस्थेत आहे.

यावरील उपाय अवघड नाहीत. प्रत्येक फाईलच्या निदान तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. १९८१ साली जाफना येथील सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले तेव्हा सुमारे ९७,००० ग्रंथ व त्यांसोबत अनेक ताडपत्रे भस्मसात झाली. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन ग्रंथांची व हस्तलिखितांची हानी झाली. एकाच छताखाली ठेवलेल्या तीन प्रती अशा प्रसंगी एकच ठरतात.

दुसरा उपाय पडताळणीचा. एसएचए-२५६ यांसारख्या गणिती पद्धतीने कोणत्याही फाईलची चौसष्ट चिन्हांची एक मुद्रा काढता येते. फाईलमधील एक बिंदू जरी बदलला तरी ही मुद्रा पूर्णतः वेगळी येते. प्रतिमा घेतल्या त्याच दिवशी या मुद्रा काढून सूचीत नोंदवाव्यात, आणि दरवर्षी ठरावीक दिवशी तिन्ही प्रतींच्या मुद्रा पुन्हा काढून ताडून पाहाव्यात. जी प्रत जुळणार नाही ती जुळणाऱ्या प्रतीवरून दुरुस्त करावी. संगायनाचे तत्त्व याहून वेगळे नाही. यासाठी लागणारी साधने विनामूल्य मिळतात.

तिसरा उपाय व्यक्तीचा. साधने जुनी होण्यापूर्वीच, दर चार-पाच वर्षांनी, सर्व संग्रह नव्या साधनांवर उतरवावा लागतो. हे काम एखाद्या उत्साही तरुणावर सोडून भागणार नाही. ग्रंथपालाच्या कर्तव्यांत ते लेखी समाविष्ट असावे, त्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात तरतूद असावी आणि एक जण गेल्यावर दुसऱ्याने कोठून आरंभ करावा हे लिहून ठेवलेले असावे. भाणकांची परंपरा टिकली ती आचार्यामागे अन्तेवासिक होता म्हणून.

अखेरीस एक सूचना. उत्तम प्रतिमा सिद्ध झाली म्हणून मूळ पोथी टाकाऊ ठरत नाही. पत्राची जाडी, लेखणीच्या खाचेची खोली, तंतूंचा प्रकार यांविषयी पुढील पिढी कोणते प्रश्न विचारील हे आज सांगता येत नाही, आणि त्यांची उत्तरे केवळ मूळ पत्रच देऊ शकेल. प्रतिमेमुळे पोथीची हाताळणी कमी होते आणि तिचे आयुष्य वाढते. प्रतिमा ही पोथीची राखणदार आहे, वारसदार नव्हे. ज्या विहारांत व घराण्यांत जुन्या पोथ्या आहेत त्यांनी मोठ्या यंत्रसामग्रीची वाट न पाहता, स्थिर चौकट, साधा दिवा, मापपट्टी व काळजीपूर्वक केलेली सूची एवढ्यावर कार्यास आरंभ करावा. मात्र पहिले छायाचित्र घेण्यापूर्वी, पाच वर्षांनी या फायली कोण तपासणार, त्या व्यक्तीचे नाव सूचीच्या पहिल्या पानावर लिहावे.